अर्धा अंश

तन्झीला सोलकर, वय साडेबारा, राजिवडा.
खालचा जबडा वरच्याच्या पुढे,
दोन मिलिमीटर, कदाचित अडीच.
हसताना ओठांवर हात.

लाइटबॉक्सवर तिची कवटी लावली,
कानांत खुंट्या घालून सरळ धरलेली,
वर ट्रेसिंगचा कागद, चिकटपट्टी.
मी पेन्सिलीला टोक काढते.
सेला म्हणजे मेंदूखालचं बारकं खोगीर, त्याचा मध्य.
नेझियन, जिथे नाक कपाळाला भेटतं.
मग अ बिंदू, मग ब.
एक्स-रेत हाड पांढरं, चुना दिलेल्या गडग्यासारखं,
आणि डावी बाजू उजवीवर पडलेली.
जबड्याच्या दोन कडा दिसतात,
मी दोन्हींच्या मधून तिसरी काढते,
जी तिच्या तोंडात कुठेच नाही.
वीस वर्षं त्या नसलेल्या रेघेवर
माझं पोट चाललं आहे.

तिचा बाप खाडीकाठी होड्या बांधतो.
"दरवर्षी काढायचा हा फोटो?"
वाढ थांबेपर्यंत, मी म्हटलं.
"त्यातून आत काय जातं?"
अगदी थोडं.
"थोडं म्हणजे?"
मी आकडा सांगितला.
मुबीनभाईंनी तो ऐकला
फळी बोटाने ठोकून बघावी तसा,
आणि काहीच बोलले नाहीत.

म्हणून शनिवारी दुपारी, मशीन रिकामं असताना,
डॉक्टर वारंगांना गळ घातली.
पिना, कानातली, चांदीचा छल्ला, सगळं बापाच्या मुठीत.
पोर आत, बोगद्यात, सात मिनिटं.
मशीन ठोकत राहिलं.
"कुणीतरी शिकाऊ खिळे मारतोय," मुबीनभाई बाकावरून म्हणाले.
तिने एकदा आवंढा गिळला.
एक चित्र हललं. पुन्हा सात मिनिटं.

पडद्यावर सगळंच उलटं.
हाड काळं.
गालांची चरबी उजळ, जीभ राखाडी, केवढी मोठी,
आणि या सगळ्या ओल्याच्या मधोमध
जे गप्प आहे ते हाड.
ओहोटीला उघडा पडलेला खडक कुणालाही दिसतो.
भरतीत, पाणी कुठे फुटतं त्यावरून तो ओळखायचा,
हे मला शिकायचं होतं चाळिशीनंतर;
माझे निम्मे पेशंट रोज असेच
होडी बंदरात आणतात.

नाकाखालचा काटा मात्र सापडेना.
तोही काळा, शेजारची हवाही काळी.
दातांची टोकं अंदाजाने.
वारंग मागून म्हणाले, बघा, तुमचा एक्स-रेच बरा.
मी मान हलवली, आणि तेवढ्यात सेला दिसली.
वीस वर्षं मी रिकामं खोगीर बघत आले होते.
इथे स्वार बसलेला होता,
वाटाण्याएवढी ग्रंथी,
ही पोर कधी वाढायची थांबणार
ते जिला माझ्याआधी कळेल.

कोन काढले.
एक्स-रेवर उणे दोन. यावर उणे दीड.
अर्धा अंश कुठे गेला?
रात्री, डोळ्यांवर पाणी मारून,
तोच एक्स-रे नव्या कागदावर पुन्हा काढला.
उणे अडीच.
म्हणजे अर्धा अंश
माझ्याच बोटांत राहतो,
आणि मी त्याला मशीनकडे शोधत होते.

सोमवारी बापलेक आली.
खर्च सांगितला, दोन्हींचा.
एकात दुसरे दहा-बारा बसतील एवढा फरक.
वारंग काही दरवर्षी शनिवार देणार नाहीत.
मुबीनभाईंनी विचारलं, बरोबर कुठलं?
दोन्ही जवळपास, मी म्हटलं,
आणि माझं मलाच ते
बाजारातल्या वजनासारखं वाटलं.
पुढच्या जूनच्या रकान्यात
अजून काही लिहिलेलं नाही.

तन्झीलाने काळं चित्र मागून घेतलं.
"त्यात नुसती कवटी आहे," ती म्हणाली,
"यात मी आहे."
खिडकीकडे धरून बघत राहिली,
नाक, जीभ, हनुवटी.
अंगठा मात्र तिने बरोबर
ओठांवर ठेवला होता.